टोंगळ्यांसाठी तीन हजारांत काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या माणसाच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, आणि टोंगळे (म्हणजे गुडघे) दुखणाऱ्यांच्या कामाचंही बरंच आहे: काठी, ट्रायपॉड, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस. पैसे आले की घरातला पोरगा मोटरसायकल काढून तालुक्याला जातो आणि जिचे टोंगळे दुखतात ती माय बाजेवरच बसून राहते. पहिली चूक इथंच होते. काठी आणि नी-कॅप या चपलेसारख्या मापाच्या वस्तू आहेत. पोराच्या अंदाजानं आणलेली काठी मायच्या हातात चार इंच उंच निघते, खांदा कानापर्यंत चढतो आणि आठ दिवसांत ती काठी दारामागे जाते. तेव्हा माणसाला सोबत न्या, नाहीतर निदान मापं तरी कागदावर लिहून न्या.

तालुक्याचं मेडिकल, सर्जिकल दुकान आणि आठवडी बाजार इथं मिळणारं सामान आम्ही एकाच कसोटीवर घासलं: वस्तू घरी आल्यावर माणूस जास्त चालायला लागतो की कमी? दुखणं किती थांबलं हा त्यानंतरचा प्रश्न. झिजलेल्या टोंगळ्याची वाट दुखण्यापेक्षा भीतीनं जास्त लागते. ‘पडीन’ ही एक भीती. ‘चाललो तर उरलीसुरली गादीही घासून जाईल’ ही दुसरी, आणि ती जास्त चिवट, कारण ती एक्स-रे उजेडात धरून कोणीतरी सांगितलेली असते. ‘ग्रीस संपलं’, ‘गॅप गेला’ हे ऐकलेला माणूस टोंगळ्याला बैलगाडीचा आख समजतो आणि जपून ठेवायला जातो. पण टोंगळ्यातल्या कूर्चेला, म्हणजे याच गादीला, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो आणि सुटतो त्यातूनच तिला पोषण मिळतं. चालणं तुटलं की मांडीचा पुढचा स्नायू आटतो, टोंगळा मध्येच दगा देतो, तोल जातो, आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. नी-कॅपच्या खोक्यावर लालभडक हाडाचं चित्र छापणाऱ्या कंपन्याही या भीतीला खतपाणीच घालतात.

फिजिओथेरपीत हालचालीची ही भीती मोजायला टॅम्पा नावाची १७ प्रश्नांची मोजपट्टी आहे. गुण १७ ते ६८ पडतात, ३७ च्या वर गेले की भीती जास्त समजतात. घरी एवढं पाहिलं तरी कळतं: पावलं आखूड, पाय फाकलेले, टोंगळा ताठ, नजर सतत जमिनीवर, हात भिंतीला. अशा माणसाला दुकानदार सगळ्यात मोठी, सगळ्यात जड वस्तू दाखवतो. तिथंच सावध राहायचं.

आधी साधी काठी. ॲल्युमिनियमची, उंची कमी-जास्त करता येणारी, वर आडवी मूठ असलेली काठी साधारण ३०० ते ५०० रुपयांत मिळते आणि या पूर्ण यादीत पैशाला सगळ्यात जास्त जागणारी वस्तू हीच. माप असं घ्या: रोजची चप्पल घालून ताठ उभं करा, हात सैल सोडायला सांगा, मनगटाच्या आतल्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. तेवढीच काठीची उंची. पाच फुटांच्या बाईला साधारण ३० इंच येते. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं दिसलं पाहिजे, २० अंशांच्या आसपास. काठी लांब असली तर कोपर जास्त वाकतं आणि जोर लागत नाही. आखूड असली तर माणूस पुढे झुकतो, आणि पुढे झुकलेल्याला आपण पडतोय असंच वाटत राहतं. उंचीची छिद्रं साधारण एकेक इंचावर असतात. पितळी किंवा स्टीलचं बटण ‘टक’ आवाज होऊन पूर्ण बाहेर आलं का ते बोटानं चाचपा, मग त्याखालची कडी घट्ट आवळा. ही कडी ढिली राहिली तर प्रत्येक पावलाला काठी खुळखुळते. आवाजाचं काही नाही. पण हाताला तो खेळ कळतो आणि काठीवर भार टाकायची हिंमत होत नाही.

दुकानातच दोन्ही हातांनी मुठीवर पूर्ण भार टाकून बघा. दांडा धनुष्यासारखा वाकला तर परत ठेवा. पिशवीत मावणारी, चार तुकड्यांत दुमडणारी काठी दिसायला छान, पण आतली रबरी दोरी सैल पडली की तिचे सांधे डुगडुगायला लागतात. एसटीच्या प्रवासापुरती चालेल, वावराच्या वाटेला नाही.

आता वापर. काठी दुखऱ्या टोंगळ्याच्या उलट हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, कारण ‘आधार जिथं दुखतं तिथं’ हे मनाला पटतं. पण उजवा टोंगळा दुखत असताना उजव्या हातात काठी धरली की शरीर उजवीकडेच झुकतं आणि भार त्याच टोंगळ्यावर येतो. डाव्या हातातली काठी आणि उजवा पाय एकाच वेळी टेकला तर भार दोघांत वाटला जातो. दोन्ही टोंगळे दुखत असतील तर जो जास्त दगा देतो त्याच्या उलट हातात. पायऱ्यांवर चढताना चांगला पाय आधी, मग काठी आणि दुखरा पाय; उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. एसटीची पहिली पायरी उंच असते, तिथं काठी सोबतच्याकडे द्यावी आणि दाराचा दांडा धरावा.

काठीनं सुरुवातीला थकवा येतो हे दुकानात कोणी सांगत नाही. ब्राझीलमध्ये ६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात रोज काठी वापरणाऱ्यांचं दुखणं दोन महिन्यांत कमी झालं, पण पहिल्या महिन्यात चालायला जास्त शक्ती लागली. सवय झाल्यावर तो फरक राहिला नाही. ‘चार दिवस वापरली, उलट दमायला होते’ म्हणून काठी टाकून देणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

घरच्या वेळूच्या लाठीचं काय? छातीपर्यंत उंच लाठी बाजूनं धरली तर टोंगळ्यावरचा भार फारसा उतरत नाही. पण ती बिनकामाची नाही. बोटाचा हलका स्पर्श जरी स्थिर वस्तूला असला तरी शरीराचं डोलणं कमी होतं, कारण त्या स्पर्शातून मेंदूला आपण कुठं आहोत हे कळतं. शिवाय कुत्रं हाकलायला ॲल्युमिनियमची काठी कुचकामीच. लाठी वापरायचीच असेल तर तिची लोखंडी शेंबी काढा. गुळगुळीत फरशीवर शेंबी घसरते. टोक तासून त्यावर रबरी बूच बसवा.

हे बूच म्हणजे काठीचा टायर. किंमत किरकोळ, महत्त्व काठीएवढंच. १९ आणि २२ मिलिमीटर ही नेहमी मिळणारी मापं आहेत. जुनं बूच सोबत नेलं की चूक होत नाही. तळाला गोल रेघा असतात, त्या पुसल्या की बूच बदलायचं. एका बाजूनं जास्त झिजत असेल तर काठी तिरपी टेकली जातेय असं समजा, बहुधा उंची चुकलेली आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बूच चिखलात रुतून तिथंच राहतं आणि दांड्याचं उघडं टोक घेऊन माणूस पुढे निघतो. आत सायकलच्या ट्यूबची पट्टी एक वेढा घालून बूच ठोकलं तर ते निघत नाही. वावरातून आल्यावर बुचाच्या रेघांतली माती काडीनं काढा. माती भरलेलं बूच आणि ओली फरशी एकत्र आली की काठी असून नसल्यासारखी.

चार पायांची काठी, जिला दुकानात क्वाड्रिपॉड किंवा सरसकट ट्रायपॉडच म्हणतात, ५०० ते ८०० रुपयांपर्यंत जाते. भ्यालेल्या माणसाला चार पाय बघूनच धीर येतो, आणि विकणाऱ्यालाही ते माहीत आहे. पण चारही पाय एकदम टेकले तरच ती स्थिर. पांदणीत, धुऱ्यावर, सारवलेल्या अंगणाच्या उतारावर तीन पाय टेकतात, चौथा हवेत राहतो, आणि भार टाकला की काठी त्या बाजूला कलंडते. जरा भरभर चाललं की मागचे पाय टेकून पुढचे उचललेले राहतात, काठी घोड्यासारखी डुलते. अरुंद पायरीवर तर ती मावतच नाही. घरातल्या सपाट फरशीवर, लकवा होऊन गेलेल्याला, किंवा कुलूप लावताना काठी स्वतःहून उभी राहावी एवढ्यासाठी ती ठीक. नुसत्या टोंगळ्यांच्या झिजेसाठी आमचा कौल साध्या काठीला. आधीच घेतली असेल तर निदान बाहेर पसरलेले पाय शरीरापासून दूरच्या बाजूला येतील अशी धरा. उलटी धरली तर आपलाच पाय तिच्यात अडकतो.

वॉकर दोन्ही टोंगळे फार दुखत असतील किंवा ऑपरेशन झालं असेल तरच. घेण्याआधी संडासाचं दार मोजा. बऱ्याच घरी ते दोन फुटांचं निघतं आणि वॉकर बाहेरच राहतो.

नी-कॅपबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. कापडी-इलॅस्टिकची जोडी २०० ते ४०० रुपयांना. ती हाडाला आधार देत नाही, भार घेत नाही, झीज थांबवत नाही. ती दोन गोष्टी करते: ऊब देते आणि कातडीवर सतत हलका दाब ठेवते. झिजलेल्या टोंगळ्यात सांधा किती वाकलाय याची जाणीव मंदावलेली असते. हा दाब तिची थोडी भरपाई करतो, म्हणून कॅप घातल्यावर पाऊल जरा विश्वासानं पडतं. एवढ्यासाठी ती घ्यावी. माप उभं राहून वाटीच्या मधोमध टेप गुंडाळून घ्या आणि खोक्यावरच्या तक्त्याशी जुळवा. एका कंपनीचं ‘एल’ दुसरीचं ‘एम’ असतं. मोठ्या मांडीच्या बायांना एकच अडचण येते: वरची कड गुंडाळून दोरीसारखी आवळते. घातल्यावर वरच्या कडेत दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि दहा मिनिटं चालून आल्यावर कड सपाट राहिली पाहिजे. पाय सुजला, मुंग्या आल्या, बोटं गार पडली तर लगेच काढा.

मे महिन्यात, अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा, दिवसभर कॅप घालून बसलात तर घामोळ्या आणि खाज ठरलेलीच. बाजाराला जाताना घाला, आल्यावर काढा, झोपताना कधीच नको. साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. टिनावर उन्हात टाकली की इलॅस्टिक मरतं. चालताना खाली सरकायला लागली म्हणजे तिचं काम संपलं. आणि एक धोका खोक्यावर लिहिलेला नसतो: कॅप हा ताईत होतो. ‘कॅप नाही तर पाऊल नाही’ अशी सवय लागली की भीती कमी व्हायच्या ऐवजी तिला नवं घर मिळतं. घरातल्या घरात रोज काही वेळ बिनकॅपचं चालायचंच.

दोन्ही बाजूंना लोखंडी बिजागरी असलेली ब्रेस याच्या दुप्पट-तिप्पट किमतीची असते. टोंगळा वारंवार बाजूला कलत असेल आणि डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनं तपासून सांगितलं असेल तरच घ्या. बिजागरी वाटीच्या मध्याच्या रेषेत नसली तर प्रत्येक पावलाला ब्रेस खाली ओढली जाते.

पडण्याची खरी जागा संडास आणि न्हाणी. देशी संडासावर ठेवायचा कमोड-स्टूल १,५०० ते २,५०० रुपयांना येतो आणि तीन हजारांतला मोठा वाटा यावर गेला तरी चालेल. टोंगळ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंची मोजा, स्टूल त्यापेक्षा इंच-दोन इंच उंच लावा. जेवढं खोल बसणं, तेवढा उठताना वाटीमागे दाब जास्त, हा साधा हिशेब. न्यायच्या आधी भांड्याच्या दोन्ही बाजूंच्या पायठाणांसकट रुंदी मोजा, कारण स्टूलाचे पाय त्यांच्या बाहेर टेकायला हवेत. फरशीला भांड्याकडे उतार असतो. एक पाय अधांतरी राहिला तर त्याची उंची एका छिद्रानं वाढवा, खाली चीप किंवा विटेचा तुकडा सरकवू नका. प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून केलेला घरगुती कमोड मात्र नको. ओल्या फरशीवर तिचे पाय हळूहळू फाकतात आणि मग एकदम जातात.

स्टूलापेक्षाही स्वस्त आणि कामाचं म्हणजे धरायचा दांडा. विटांच्या भिंतीला स्टीलचा दांडा फास्टनरनं बसतो. टॉवेलचा रॉड हा दांडा नव्हे, तो माणसाचा भार घेत नाही. मातीच्या भिंतीत खिळा-स्क्रू काहीच धरत नाही, तिथं खांब रोवा: एक इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, साधारण पाच फूट, त्यातला दीड ते दोन फूट जमिनीत काँक्रीटमध्ये. एक इंची पाइप बाहेरून ३३ मिलिमीटर भरतो, म्हाताऱ्या मुठीत नेमका बसतो. दोन इंची घेतला तर बोटं मिटत नाहीत. वरचं तोंड टोपीनं बंद करा आणि सात दिवस रोज पाणी मारल्याशिवाय भार टाकू देऊ नका. खांब बसलेल्या माणसाच्या शेजारी नको, टोंगळ्यांच्या जरा पुढे हवा. उठताना आधी पुढे झुकावं लागतं, नाक पायाच्या बोटांवर आलं की बूड आपोआप हलकं होतं. खांब मागे असला तर माणूस हातानं स्वतःला वर ओढत राहतो आणि हात सुटला की मागे आदळतो. बाजेवर छताला बांधलेला दोर याच कारणानं वाईट: झुलणारी वस्तू आधार नसते.

चपलेचं नाव योजनेच्या यादीच्या गप्पांत निघत नाही, पण काठी घेऊन पायात टाचेकडून झिजलेली स्लीपर ठेवली तर काय उपयोग? मागे पट्टा असलेली, पातळ पण कडक तळाची, सपाट सँडल घ्या. बोटांजवळच वाकली पाहिजे, मधोमध वाकू नये. बाजारात टेबलावर हारीनं मांडलेल्या, काटे-काटे असलेल्या ॲक्युप्रेशर चपलांना आमचा ठाम नकार. तोल सांभाळताना तळव्याला जमीन समजावी लागते, तिथं या चपला गोंधळ घालतात. साखरेच्या आजारात पायाची जाणीव गेलेल्याला तर जखम झालेलीही कळत नाही.

बाकीचं भरभर. थरथरणारी मशिनं, चुंबकाचे पट्टे: पैसे वाचवा. शेकायची पिशवी: बरं वाटतं, पण साखर असलेल्यांनी आधी दुसऱ्याच्या हातानं तापमान पाहावं. तोल शिकवायचा फोम: घडी घातलेली गोधडी तेच काम करते, तेही दाराची चौकट धरूनच. रबरी व्यायामपट्टी: चांगली, लाल रंगाची (बहुधा मध्यम ताणाची) पुरते, उन्हापासून लांब ठेवा नाहीतर चिरा पडून ऐन व्यायामात तुटते.

सामानाचा उपयोग होतोय का, हे मोजायला घड्याळ पुरतं. खरेदीआधी एकदा आणि महिन्यानं पुन्हा: १७ इंच उंचीची बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर बांधायला सांगा, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या बाईचे ११ पेक्षा, पुरुषाचे १२ पेक्षा कमी भरले तर पडण्याचा धोका आहे. हात लावल्याशिवाय उठताच आलं नाही तर खुर्चीत गोधडीच्या घड्या ठेवून उंची वाढवा आणि तिथूनच व्यायाम सुरू करा: दहा वेळा उठणं-बसणं, असे तीन फेरे, एक दिवसाआड, आणि जमेल तशी दर आठवड्याला एक घडी कमी. सोबत चौकटीजवळ एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद उभं राहणं. आधी पाच बोटांनी चौकट धरून, मग दोन, मग एक. भीती अशी बोटाबोटानं सुटते, ‘भिऊ नको’ म्हटल्यानं नाही.

व्यायाम करताना दुखणं रुपयात आठ आण्यांपर्यंत, म्हणजे दहापैकी पाचपर्यंत, वाढलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पहिल्यासारखं झालं तर चालू ठेवा. रात्रभर ठणकलं तर फेरे निम्मे करा, बंद करू नका. टोंगळा लाल-गरम होऊन सुजला, ताप आला, मध्येच अडकून बसला, पोटरी सुजली, किंवा पडल्यावर पायावर भार देता येईना, तर दवाखाना. व्यायाम एकदा कोणी हात लावून शिकवावेत. जिल्हा रुग्णालयात आणि यवतमाळ, अकोला, सेवाग्रामसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीची सोय असते.

हिशेब मांडायचा तर काठी, दोन जादा बुचं, पट्ट्याची सँडल आणि पाइपचा खांब एवढं निम्म्या पैशांत बसतं, उरलेल्यात स्वस्तातला कमोड-स्टूल. नी-कॅप उरले तर. दुकानातून पक्कं बिल घ्या, कच्च्या चिठ्ठीवर बोळवण करू देऊ नका, आणि काठी घरच्या जमिनीवर वापरून जुळली नाही तर बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधी विचारा. जादा बुचांतलं एक मृगाच्या आधी बसवून टाका. पाऊस लागल्यावर तालुक्याला जाणं होत नाही.